चाकाच्या मधोमध बघा

सुरतेत जुना ट्रक घ्यायला निघालेला माणूस आधी इंजिन सुरू करून धुराचा रंग बघतो. मग टायरांची नक्षी किती उरली ते बघतो, मग पासिंग, कर, विमा, परमिट. उधना, लिंबायत, डिंडोलीकडचा खानदेशी मालक असेल तर गाडी जीजे ०५ ची की एमएच १८ ची, म्हणजे सुरतेत झिजली की धुळ्यात, हेही विचारून घेतो. ॲक्सलची पाळी आली की प्रश्न एकच असतो, 'हेवी आहे ना?' आणि त्याचं उत्तरही ठरलेलंच असतं. डांगच्या जंगलात फिरायला जीप किंवा थार शोधणाऱ्या हौशी मंडळींचंही याहून वेगळं नाही. तिथे 'हेवी'च्या जागी एखाद्या अमेरिकी ॲक्सलचा आकडा ऐकवला जातो, एवढाच फरक. माझं म्हणणं असं, की 'हेवी' ही ॲक्सलची जातच नव्हे. ॲक्सलला कामं दोन: गाडीचं वजन पेलायचं आणि इंजिनाचा पीळ चाकापर्यंत पोचवायचा. ही दोन कामं कोणत्या भागांनी कशी वाटून घेतली आहेत ते कळलं की ॲक्सल ओळखता येतो, आणि दोन ॲक्सलांची तुलनाही त्यावरच करावी. यातलं बरंचसं गाडीखाली न शिरता, चाकाच्या मधोमध बघूनच कळतं.

बैलगाडीचा आस आठवा. तो फिरत नाही. गाडीचं ओझं त्याच्यावर, चाक त्याच्याभोवती फिरतं, आणि ओढायचं काम बैलांचं. रेल्वेच्या डब्याखाली याच्या उलट: चाकं आसावर घट्ट बसवलेली असतात आणि आस चाकांबरोबर फिरतो. मोटारीची अडचण अशी, की तिचा बैल गाडीतच बसलेला आहे. त्याचा जोर चाकाला द्यायचा तर फिरणारी दांडी हवी, आणि ओझं निर्धास्त पेलायचं तर न फिरणारा आस बरा. म्हणून ट्रकच्या मागच्या ॲक्सलमध्ये बैलगाडीचा आस पोकळ करून त्यातून फिरती दांडी ओवली आहे, असं समजलं तरी चालेल. पोकळ आस म्हणजे हाउसिंग, मधल्या फुगवट्यात पीळ दोन्ही चाकांत वाटणारा डिफरन्शल आणि त्याला फिरवणारी क्राऊन-पिनियनची दातेरी जोडी, आणि डावी-उजवीकडे जाणाऱ्या दोन दांड्या. शब्दांचा घोळ इथे होतो. गॅरेजमध्ये 'ॲक्सल तुटला' म्हणतात तेव्हा ही दांडी तुटलेली असते. कंपनीच्या माहितीपत्रकात 'ॲक्सल' म्हणजे हाउसिंगसकट सगळा संच. सौदा करताना विकणारा नेमकं कशाबद्दल बोलतोय ते आधी विचारून घ्यावं. 'ॲक्सल नवा टाकलाय' या वाक्याचा अर्थ एक दांडी बदलली एवढाच असू शकतो.

आता उभ्या ट्रकच्या मागच्या चाकाकडे बाजूने बघा. टायरचे नट गोल कड्यात बसलेले दिसतील. त्या कड्याच्या आत, मधोमध, बशीसारखी एक चकती पुढे आलेली असते आणि तिच्या कडेने आठ-दहा लहान बोल्ट असतात. ही चकती म्हणजे आतल्या दांडीचं टोक. ते बोल्ट काढले, चकतीवर हातोड्याचे दोन-चार ठोके दिले, की दांडी बाहेर ओढता येते. चाक जागेवर राहतं, ट्रक स्वतःच्या पायांवर उभा राहतो, जॅकसुद्धा लागत नाही. कारण चाकाचा हब दोन टेपर बेअरिंगांवर थेट हाउसिंगच्या टोकाला बसवलेला असतो. ओझं सगळं हाउसिंगचं, दांडीकडे फक्त पीळ. हा फुल-फ्लोटिंग ॲक्सल. लहान गाड्यांत मात्र चाक थेट दांडीच्याच टोकाला बोल्टने आवळलेलं असतं आणि दांडीचं बाहेरचं टोक हाउसिंगच्या आत एका बेअरिंगवर टेकतं. म्हणजे तीच दांडी पीळही सोसते आणि वाकवणारं ओझंही सोसते. हा सेमी-फ्लोटिंग. याच्या चाकाची मधली टोपी काढली तर आत बोल्टांचं दुसरं कडं सापडत नाही. सपाट तोंड दिसतं, किंवा जुन्या घडणीत कॉटर पिन घातलेला एकच मोठा नट. या दोहोंच्या मधला थ्री-क्वार्टर फ्लोटिंग नावाचाही एक प्रकार होता, पण तो आता बाजारात सहसा भेटत नाही.

हा फरक कळतो तो मोडतोडीच्या वेळी. सुरतेहून नागपूरकडे कापडाच्या गाठी घेऊन निघालेला ट्रक सोनगड, नवापूर, विसरवाडी मागे टाकून कोंडाईबारी घाट चढतोय आणि दांडी तुटली, तर फुल-फ्लोटिंगमध्ये ओढ संपते पण चाक जागेवर राहतं, ट्रक आपल्या वजनासकट उभा राहतो. ड्रायव्हर-क्लीनर चकती खोलतात, तुटका तुकडा ओढतात. आतला तुकडा अडकून बसला तर दुसऱ्या बाजूची दांडी काढून लांब सळईने पलीकडून ढकलतात. दोन्ही दांड्या काढल्या की ट्रक ओढून नेतानाही डिफरन्शल फिरत नाही, फक्त हबच्या तोंडाला काहीतरी झाकण बांधायचं, म्हणजे बेअरिंगांत धूळ जात नाही. सेमी-फ्लोटिंगची दांडी बेअरिंगच्या बाहेर तुटली तर चाकच निघून जातं. मालवाहू गाडीला फुल-फ्लोटिंग का देतात याचं खरं कारण हे आहे. ती दांडी जाड असते म्हणून देतात असं नव्हे. उलट ओझं नसल्यामुळे तेवढाच पीळ पोचवायला तिला कमी जाडीही पुरते.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की मग फुल-फ्लोटिंग म्हणजेच मजबूत, सरळ तेवढंच सांगा ना. इतिहास याला साथ देत नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपचा मागचा ॲक्सल फुल-फ्लोटिंग होता. युद्धानंतर शेतकऱ्यांसाठी काढलेल्या नागरी जीपमध्ये त्याच कंपनीने थोड्याच काळात सेमी-फ्लोटिंग आणला, आणि तो आधीच्यापेक्षा आकाराने मोठा होता. विलीजच्याच जीप १९४७ पासून महिंद्रांनी मुंबईत जुळवायला घेतल्या, त्यामुळे आपल्याकडच्या जीपवाल्यांच्या तोंडी असलेले अमेरिकी आकडे त्या वंशावळीतून आलेले आहेत. त्या वंशावळीचा धडा एवढाच, की प्रकार आणि ताकद या दोन वेगळ्या गोष्टी. प्रकार सांगतो की काम कसं वाटलंय. ताकद ठरते दांडीची जाडी, क्राऊनचा व्यास, पोलाद आणि बेअरिंग यांवर. शिवाय फुल-फ्लोटिंगचा हब, दोन बेअरिंगं, चकती हे सगळं स्प्रिंगच्या खाली लोंबणारं वजन. दीड-पावणेदोन टनांच्या गाडीला ते लादलं तर खड्ड्यात चाक जास्त आपटतं आणि हाती काहीच लागत नाही. लहान गाडीत सेमी-फ्लोटिंग दिसला म्हणून नाक मुरडू नये. नऊशे किलो माल भरायची पिकअप असेल तर मात्र टोपी काढून बघावंच, कारण त्या वर्गात दोन्ही प्रकार भेटतात.

मागून वाकून बघितलं की दुसरी खूण मिळते. फुगवट्याची मागची बाजू गुळगुळीत, वितळजोड केलेल्या घुमटासारखी असेल आणि क्राऊन-पिनियनचा सगळा गाभा पुढच्या बाजूने, म्हणजे गिअरबॉक्सकडून पीळ आणणाऱ्या जॉइंट शाफ्टच्या बाजूने, बोल्टने बसवला असेल तर ते बँजो हाउसिंग. याउलट मागे दहा-एक बोल्टांचं पातळ झाकण असेल, मधला भाग ओतीव आणि त्यात दोन्हीकडून नळ्या ठोकून बसवल्या असतील, तर ते सॅलिसबरी. आपल्याकडचे ट्रक बहुतेक बँजोचेच, आणि कारण पुन्हा रस्त्याच्या कडेचं आहे: गाभा जसाच्या तसा उतरवायचा, टेबलावर ठेवून क्राऊन-पिनियनची फट लावायची, किंवा तयार गाभा आणून चढवायचा. जिप्सी आणि तिची धाकटी बहीण जिम्नी याही बँजोच्या. जुन्या जीप-वंशातल्या गाड्यांखाली मागचं झाकण दिसतं. सॅलिसबरीचा गुण असा, की गिअर बसायची जागा एकाच ओतकामात असल्याने जोर लागल्यावर ती कमी फाकते. अवगुण असा, की फट लावायचं काम गाडीखाली आडवं पडून करावं लागतं. दगडधोंड्यांत बँजोची गुळगुळीत पाठ घसरत जाते, सॅलिसबरीच्या झाकणाची कड दगडाला अडते. यात कोण थोर, या वादात पडण्यापेक्षा तुमच्या वस्तीजवळचा मिस्त्री कोणतं हाउसिंग डोळे झाकून उघडतो हे विचारलेलं जास्त उपयोगाचं.

वजनाचा हिशेब लागला, आता पिळाचा. इंजिनाचा पीळ ॲक्सलमध्ये वाढतो आणि किती पटीने वाढतो ते क्राऊन आणि पिनियन यांच्या दातांवर अवलंबून असतं. क्राऊनला ४१ आणि पिनियनला ७ दात असतील तर ४१ भागिले ७, म्हणजे ५.८६ पट, पिनियनला ६ असतील तर ६.८३. पहिला रस्त्यावर डिझेल वाचवतो, दुसरा चढावर ओढतो. एकाच मॉडेलच्या दोन ट्रकांत हा आकडा वेगळा असू शकतो आणि बाहेरून दिसत नाही, पण मोजता येतो. गिअर न्यूट्रलला, बाकीच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे, मागचं एकच चाक जॅकवर. ते चाक हाताने पुरे दोन फेरे फिरवायचं आणि जॉइंट शाफ्टवर खडूची खूण करून तिचे फेरे मोजायचे. दुसरं चाक जमिनीवर स्थिर असल्यामुळे डिफरन्शल अर्धा हिशेब करतो, म्हणून चाकाचे दोन फेरे म्हणजे क्राऊनचा एक. शाफ्ट सहाला जरा कमी फिरला तर ५.८६ धरायला हरकत नाही. हे फक्त साध्या, कुलूप नसलेल्या डिफरन्शलला लागू. दोन्ही चाकं उचलून एक फिरवल्यावर दुसरं उलट फिरलं तर डिफरन्शल साधा. त्याच दिशेने जोर लावून फिरलं तर आत लॉक किंवा लिमिटेड-स्लिप आहे.

एवढा सगळा पीळ एकाच क्राऊन-पिनियनवर वाढवायचा की दोन टप्प्यांत, यावरून ॲक्सलच्या आणखी जाती होतात. एक हिशेब मांडू. इंजिनाचा पीळ ८०० न्यूटन-मीटर आणि पहिला गिअर ९ पट धरला, तर जॉइंट शाफ्टवर ७,२०० येतो. ५.८६ च्या एकेरी ॲक्सलमध्ये तो ४२,००० होतो आणि प्रत्येक दांडीच्या वाट्याला २१,००० येतो. आता त्याच ५.८६ पैकी ३.४ पट वाढ चाकाच्या हबमध्ये बसवलेल्या ग्रहमालिकेसारख्या गिअरांनी केली, तर दांडीला फक्त ६,२०० च्या आसपास पीळ सोसावा लागतो. उरलेली वाढ अगदी शेवटी, चाकापाशी होते. हे हब-रिडक्शन. त्यामुळे क्राऊन लहान, फुगवटा लहान, खडकावर आपटायला जागा कमी. खाणीतल्या मोठ्या टिपरांखाली हे दिसतं आणि ओळखायला सगळ्यात सोपं: चाकाच्या मधून डब्यासारखा जाड हब बाहेर आलेला असतो आणि त्याच्या तोंडावर तेल भरायचा-सोडायचा स्वतंत्र प्लग असतो. मग सगळ्यांनीच हे का घेऊ नये? कारण रिंग रोडच्या मार्केटमधून साड्यांचे पार्सल उचलून दिवसरात्र महामार्गावर पळणाऱ्या ट्रकला या जास्तीच्या गिअरांचं घर्षण, तेल घुसळल्याची उष्णता आणि हबांचंही वेगळं तेल बदलणं हा निव्वळ तोटा आहे. कापडाचा माल जागा आधी भरतो, वजन नंतर. हजिऱ्याच्या पोलाद कारखान्यातून निघणारी कॉइल याच्या बरोबर उलट: ट्रकची निम्मी जागा रिकामी आणि वजन काठोकाठ, तेही एका ठिकाणी. दोघांचा 'हेवी ॲक्सल' एक असू शकत नाही.

आता ॲक्सलची संख्या. दहा टायरी ट्रक बघितला की लोक समजतात मागचे दोन्ही ॲक्सल ओढतात. मालवाहू ट्रकमध्ये बहुधा एकच ओढतो. दुसरा नुसतं वजन पेलतो, त्याला डमी म्हणतात. तो खराखुरा बैलगाडीचा आस. माहितीपत्रकात याला ६ बाय २ लिहितात, म्हणजे सहा जागी चाकं आणि दोन जागी ओढ. दोन्ही ओढत असतील तर ६ बाय ४. टाटांच्या नावांत एलपीटी हा मालवाहू आणि एलपीके हा टिपर, म्हणून तिथे साधारण अंदाज बांधता येतो. पण त्याहून सोपी खूण चाकातच आहे: ओढणाऱ्या चाकाच्या मधोमध बोल्टांची चकती, डमीच्या मधोमध नुसती ग्रीसची टोपी. खाली बघितलं तर डमीला फुगवटा नाही, सरळ नळी किंवा तुळई. ६ बाय ४ मध्ये पहिल्या फुगवट्यातून निघून दुसऱ्याकडे जाणारा आखूड शाफ्ट दिसतो. वाळूत, चिखलात, भराव टाकलेल्या नव्या प्लॉटवर जायचं तर ६ बाय ४ ला पर्याय नाही; डांबरी रस्त्यावर तो दुसरा क्राऊन-पिनियन फुकट फिरवत राहतो. डमीचाच भाऊ लिफ्ट ॲक्सल, रिकाम्या फेरीत हवेच्या फुग्यांनी वर उचलला जाणारा. टायर वाचतात म्हणून भरल्या गाडीतही तो वरच ठेवणारे ड्रायव्हर आहेत, आणि त्याचा भार उरलेल्या ॲक्सलांवर पडतो हे वजनकाट्यावर दिसत नाही, कारण काटा एकूण वजन सांगतो. शंका असेल तर ट्रकची पुढची आणि मागची चाकं आळीपाळीने काट्यावर घेऊन वेगवेगळं वजन करून बघावं. पलीकडचं टोक बघायचं असेल तर हजिऱ्याला बघावं. तिथे रिफायनऱ्यांची अजस्र पात्रं तयार होतात, फ्रान्समधल्या इटर या अणुसंमीलन प्रकल्पाच्या क्रायोस्टॅटचे भागही तिथेच घडले. अशी ओझी हलवणाऱ्या हायड्रॉलिक ट्रेलरांत ॲक्सलच्या रांगाच्या रांगा असतात, एकमेकांच्या तेलनळ्या जोडलेल्या, म्हणजे खड्डा आला तरी प्रत्येक रांगेवर सारखाच भार. ओढ अर्थातच पुढच्या पुलरची.

'आमचा ट्रक पाच टन जादा घेऊन दहा वर्षं पळतोय, ॲक्सल काही तुटला नाही.' हा सुरतेतला सगळ्यात जुना आणि सगळ्यात ठाम आक्षेप. त्याला सरकारी आकड्यांचाही आधार दिला जातो: जुलै २०१८ मध्ये केंद्राने चार टायरांच्या एकेरी ॲक्सलची मर्यादा १०.२ वरून ११.५ टन आणि आठ टायरांच्या जोड ॲक्सलची १९ वरून २१ टन केली, दहा टायरी ट्रकचं एकूण वजन २५ वरून २८.५ टन झालं. म्हणजे ॲक्सलमध्ये तेवढी ताकद आधीपासून होतीच ना? असेल, पण अधिसूचना निघाल्याने जुन्या गाडीचं बेअरिंग जाड होत नाही. २५१८ मॉडेलच्या शेजारी रस्त्यावर २८१८ दिसायला लागला तो नव्या वजनासाठी मांडलेला ट्रक आहे. तुमच्या आरसी बुकात लिहिलेलं वजन तेच तुमच्या ॲक्सलचं. आणि 'तुटला नाही' ही कसोटीच चुकीची. रोलर बेअरिंगचं आयुष्य भाराच्या साधारण ३.३३ घाताने घटतं, म्हणजे सव्वापट भार दिला तर आयुष्य निम्म्याहून कमी. दांडी तुटत नाही, पण बेअरिंग, सील, क्राऊन आधी जातात, आणि तो खर्च मालक 'मेंटेनन्स' खाती टाकतो. रस्त्याचं त्याहून वाईट: अमेरिकेत १९५८ ते १९६० दरम्यान ट्रक पळवून केलेल्या मोठ्या चाचणीतून निघालेला चौथ्या घाताचा नियम आजही रस्ते बांधणारे वापरतात, आणि त्याप्रमाणे सव्वापट ॲक्सल-भार रस्त्याला सुमारे २.४ पट झिजवतो. २०२२ मध्ये हजिऱ्याला पोलादाच्या मळीपासून सुमारे एक किलोमीटरचा सहापदरी रस्ता झाला तो तिथल्या जड वाहतुकीखाली टिकतो का हेही बघण्यासाठी.

डोंगरदऱ्यांतल्या गाड्यांत प्रश्न थोडा फिरतो. तिथे वजन फार नसतं, जमिनीचा उंचसखलपणा असतो. समोरून वाकून बघा: डाव्या चाकापासून उजव्या चाकापर्यंत एकच अखंड नळी गेली असेल तर तो एकसंध ॲक्सल, डिफरन्शल गाडीच्या सांगाड्याला टांगलेला आणि दोन दांड्या रबरी बुटांतून चाकांकडे गेलेल्या असतील तर स्वतंत्र सस्पेन्शन. जिप्सी आणि जिम्नी दोन्हीकडे एकसंध आहेत. जिप्सी पाट्यांवर, जिम्नी कॉइल स्प्रिंगवर. २०२० ची थार पुढे स्वतंत्र, मागे एकसंध. हौशी मंडळी एकसंधाला जुनाट म्हणतात किंवा देव्हाऱ्यात बसवतात. त्याचा खरा गुण असा, की एक चाक दगडावर चढलं की नळी दुसऱ्या टोकाने दुसऱ्या चाकाला खाली दाबते, आणि फुगवट्याखालची उंची चाकाबरोबरच वर-खाली होते. स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये स्प्रिंग दबली की डिफरन्शल जमिनीकडे येतो. पण सापुताऱ्याच्या घाटरस्त्यावर ताशी साठने वळण घेताना तोच एकसंध ॲक्सल आपलं वजन गाडीवर आपटतो. माहितीपत्रकातली जमिनीपासूनची उंची, जिम्नीची २१० मिलिमीटर, थारची २२६, ही एका आकड्यात सगळं सांगते असं मानू नये. स्प्रिंग उंच करणाऱ्या किटने अंग उंच होतं, एकसंध ॲक्सलचा फुगवटा तिथेच राहतो. तो एक इंच वर जायला टायरचा व्यास दोन इंच वाढवावा लागतो, आणि व्यास वाढला की दांडीवर येणारा पीळही वाढतो. इथे पोर्टल ॲक्सलवाले पुढे येतात: दांडी चाकाच्या मध्याच्या वरून नेऊन गिअरांनी खाली उतरवायची, युनिमॉगसारखी. रचना सुंदर आहे, पण वघईच्या जंगलवाटेला ती परवडत नाही.

एक गोष्ट ट्रक आणि जीप दोघांनाही लागू आहे आणि सुरतेत तिचं महत्त्व जास्त. प्रत्येक हाउसिंगवर एक छोटा श्वासनळीसारखा ब्रीदर असतो. तापलेला ॲक्सल थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते, आणि ब्रीदर तुंबलेला असेल तर सीलमधून पाणी आत ओढलं जातं. डांगमधली पूर्णा किंवा अंबिका फरशीवरून ओलांडणाऱ्याला हे माहीत असतं. मीठी खाडीचं पाणी लिंबायतच्या गल्ल्यांत हबपर्यंत चढतं तेव्हा उभ्या ट्रकच्या मालकाला ते आठवत नाही. खालचा प्लग सैल करून दोन थेंब बोटावर घ्यावेत. ताकासारखं पांढुरकं तेल म्हणजे आत पाणी. प्लगच्या चुंबकाला काळी मऊ पेस्ट लागलेली असणं ठीक. चकाकणारे कण किंवा तुकडे म्हणजे दात किंवा बेअरिंग जायला निघालंय. तेल काळजीने निवडावं, हायपॉइड घडणीच्या क्राऊन-पिनियनला जीएल-५ प्रतीचंच लागतं, कारण त्याचे दात एकमेकांवर घसरतही असतात.

शेवटचा आक्षेप मिस्त्री मंडळींचा: एवढं बघायची गरज काय, पाटीवरचा नंबर वाचा, कंपनीने ठरवलेला ॲक्सल कंपनीला ठाऊक. नवी गाडी असेल तर बरोबर. मैसुरूची ऑटोमोटिव्ह ॲक्सल्स ही १९८१ मध्ये स्थापन झालेली कंपनी ॲक्सल बनवते, पुण्याच्या मुंढव्यात भारत फोर्जमध्ये घडवलेल्या पुढच्या ॲक्सलच्या तुळया अनेक कंपन्यांच्या ट्रकांखाली आहेत, आणि माप-पोलाद त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. पण जुनी गाडी ही कंपनीने बनवलेली गाडी राहिलेली नसते. तिचा गाभा बदललेला असतो, ६.८३ च्या जागी ५.८६ आलेला असतो, ६ बाय ४ चा एक शाफ्ट काढून ठेवलेला असतो. पाटी गाडीचा जन्म सांगते. म्हणून सौदा ठरवण्याआधी, ॲक्सल फुल-फ्लोटिंग असेल तर, एक दांडी बाहेर काढून बघायला सांगा. आधी चाकांना ठोकळे लावून घ्या. जुन्या जीपसारखा हँडब्रेक जॉइंट शाफ्टवर असेल तर त्याच्या भरवशावर राहू नका: एक दांडी काढली किंवा एक मागचं चाक उचललं, की डिफरन्शलमुळे तो ब्रेक काहीच धरत नाही आणि गाडी उताराने निघते. दांडी बाहेर आली की तिच्या आतल्या टोकावरच्या खाचांवर पोलादी पट्टी धरा. खाचा सरळ असतील तर दांडीने आपल्या ऐपतीत काम केलंय. जिलेबीच्या धारेसारख्या किंचित वळलेल्या दिसल्या, तर तिला कधीतरी जास्त पीळ बसलाय, आणि पलीकडच्या दांडीला, क्राऊनलाही बसलाय. विकणारा कुरकुरला तर चकतीखालच्या नव्या पॅकिंगचे पैसे तुम्ही द्या.